मालकाचा पक्का लाल

"खून! खून झाला!" भोंग्या बोंबलला. नावच भोंग्या, तेव्हा आवाजाबद्दल बोलायलाच नको! सुट्टीत मामाकडे आल्यापासून त्याने सगळ्या शेजाऱ्यांची दुपारची झोप उडवली होती.

त्याची मोठी बहीण चिमटी आणि मामेभाऊ वकील धावत मागच्या अंगणात आले. मोरीतून लालभडक पाणी वाहत होतं आणि मामा टबापुढे मटकन बसला होता. टबात धुवायला टाकलेली लाल-पांढऱ्या चौकोनांची गोधडी होती. मामा-मामीने ती दवाखान्यातल्या मुलांसाठी शिवली होती. तिचे पांढरे चौकोन आता चक्क गुलाबी झाले होते.

"संपलं सगळं," मामा म्हणाला. "उद्या दवाखान्याच्या मोठ्या बाई बघायला येणार. ही नापास झाली की पुढच्या गोधड्यांचं काम गेलं आणि आपल्या शिलाईच्या दुकानाला कुलूप!"

मामा रडवेला झालेला चिमटीने कधीच पाहिला नव्हता.

"उन्हात टाकू या!" भोंग्याने सुचवलं.

"खबरदार!" मामी कडाडली. "वाळली की डाग कायमचा बसला. कढत पाण्यात साबण घालून बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, म्हणजे सुटलेला रंग पाण्याबरोबर निघून जातो. पण हे लाल कापड सुटलंच कसं? पक्का रंग म्हणून घेतलं होतं ना?"

मामाने ते लाल कापड रंगवून विकणाऱ्या रंगखान्याच्या मालकाला फोन लावला. पलीकडून शिव्यांची सरबत्तीच सुरू झाली. "माझा रंग पक्का आहे! तूच कुठलं तरी भिकार कापड लावलंस! माझं नाव घेशील तर हात मोडीन!"

"एवढा चिडतोय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय," वकील म्हणाला. तो कशावरही वाद घालायचा, म्हणून वकील. पण या वेळी कुणीच वाद घातला नाही.

रंगखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. तिघंही मागच्या कुंपणातून आत घुसले. एक माणूस पिंपातून लाल कापड काढत होता, गार पाण्यात एकदाच बुचकळत होता आणि थेट दोरीवर टाकत होता.

"मामी म्हणते, रंगवल्यावर उकळत्या पाण्यात धुवावंच लागतं. नाहीतर जास्तीचा रंग कापडातच राहतो," चिमटी कुजबुजली. "पाणी उकळायची भट्टी कुठाय?"

भट्टी कोपऱ्यात होती. थंडगार! आणि तिच्यात मांजर व्यायली होती.

"कसली गोड पिल्लं आहेत!" भोंग्या म्हणाला. त्याच्या मते अगदी हळूच.

"कोण रे तिकडे?" मालकाचा पैलवान धावून आला. फाडकन वकिलाच्या मुस्काटात बसली आणि त्याचा ओठ फुटला. चिमटीने पैलवानाच्या दंडाला असा काही चिमटा काढला की तो 'आई गं' करून मागे सरला. तिघांनी धूम ठोकली.

घरी पोचतात न पोचतात तोच धाड! दाराची कडी तुटून पडली. पांढराशुभ्र शर्ट घातलेला मालक आत घुसला. खांद्यावर लाल कापडाचा तागा आणि मागे लोखंडी पाइप घेतलेला पैलवान!

"चोरून बघता काय? हा बघा माझा लाल! मरेपर्यंत सुटायचा नाही! फोड रे ते मशीन!"

पाइपच्या एका फटक्यात शिलाई मशीनचं चाक निखळलं. दुसऱ्यात कपाटाच्या काचा खळाखळा फुटल्या. मामा आडवा गेला, तर तिसरा फटका त्याच्या कपाळावर बसला. तो कोसळला. सगळा चेहरा रक्ताने भरला. मामी किंचाळत त्याच्याकडे धावली. चिमटीच्या भीतीपेक्षा तिचा संताप मोठा होता. माझ्या मामाला मारतो?

"ही गोधडीच फाडतो!" म्हणत पैलवान मागच्या दारातून दिसणाऱ्या टबाकडे वळला. भोंग्या त्याच्या मनगटाला कडकडून चावला. वकील पायाला लोंबकळला. पैलवानाने एकाला भिंतीवर फेकलं, दुसऱ्याला लाथेने उडवलं. तरी पोरं परत त्याच्यावर तुटून पडली!

चिमटीने गार पाण्याची बादली उचलली. "मालक, तुमचा रंग पक्का ना?"

"एकशे एक टक्के!"

"मग घ्या!"

भरलेली बादली मालकाच्या अंगावर रिकामी झाली. तागा भिजला आणि शर्टावरून लाल ओघळ वाहू लागले. खांद्यावर, छातीवर, पोटावर! मालकाने खाली पाहिलं आणि डोळेच पांढरे केले.

"मेलो! भोसकलं मला! डॉक्टर!" तो धप्पकन खाली बसला.

पैलवानाच्या हातातून पाइप गळाला. "मी नाही भोसकलं! मी काहीच केलं नाही!" म्हणत तो दाराकडे पळाला. आरडाओरडा ऐकून तिथे जमलेल्या शेजाऱ्यांनी त्याला अलगद धरला.

"जखम दाखवा," वकील सुजलेल्या ओठाने म्हणाला.

मालकाने शर्ट वर केला. पोट ठणठणीत होतं!

"मामाच्या कपाळावर आहे ना, त्याला रक्त म्हणतात!" चिमटी रडत रडत ओरडली. "तुमच्या शर्टावर आहे तो तुमचा पक्का रंग! भट्टी पेटवणार कुठून? तिच्यात मांजर व्यायलीय!"

शेजारी आधी हसले आणि मग भयंकर चिडले. "रोज भट्टी पेटवायची कटकट कोण करणार... वाटलं, कुणाला काय कळतंय," मालक पुटपुटला. त्यांनी बोलावलेल्या पोलिसांनी दोघांनाही उचलून नेलं.

मामी मामाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. शेजारच्या काकू कढत पाणी ओतून देत होत्या आणि पोरं आळीपाळीने टब रिकामा करत होती. पाणी लाल निघालं, मग गुलाबी आणि शेवटी नितळ. पांढरे चौकोन पुन्हा पांढरे झाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. त्यांनी ओला पांढरा रुमाल लाल चौकोनावर खसाखसा घासला. तिघांनीही श्वास रोखला. रुमाल पांढराच राहिला!

"पुढच्या सगळ्या गोधड्या तुमच्याकडेच," कालचा सगळा प्रकार ऐकून बाई म्हणाल्या. "पण कापड शिवायला घेण्याआधी ही परीक्षा या तिघांनी घ्यायची. शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांपेक्षा तुमच्यावर माझा जास्त भरवसा आहे."

मामाने तिघांना घट्ट जवळ घेतलं. त्याच्या कपाळावर पाच टाके पडले होते. मामीने वाकून ते नीट निरखले आणि नाक मुरडलं.

"किती वेडेवाकडे टाके! डॉक्टर माझ्या हाताखाली असते तर सगळे उसवून परत घालायला लावले असते!"

मामा खो खो हसला. मामी मात्र त्याचा खांदा धरून रडायलाच लागली.