बॅज माझा, डोस कुणाचा?

"तिथे नका बसू. उठा... उठा आधी."

कॉरिडॉरमधल्या बाकावर एक माणूस आरामात बसला होता. त्याच्या शेजारच्या आजोबांना मी नुकतंच स्कॅनसाठी किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं होतं. असे पेशंट तासभर वेगळे बसवायचे, हा आमच्या विभागाचा नियम. माणूस निमूट उठला आणि मागे सरकला.

"एवढं पुरे?"

"अजून थोडं."

"आता?"

"आता बोला. कुठल्या पेशंटबरोबर आलात?"

"पेशंटबरोबर नाही. तुमच्याकडेच आलोय," असं म्हणत त्याने ओळखपत्र पुढे केलं.

हॉस्पिटलांमधल्या किरणोत्सारी औषधांवर सरकारचं लक्ष असतं, असं आम्हाला शिकवतात. ते लक्ष माझ्यासमोर उभं होतं, गळ्यात किरणं मोजायचं मीटर अडकवून. आणि मी त्याला बाकावरून उठवलं होतं!

आमच्या छातीवर एक बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला सरकारी प्रयोगशाळेत जातो. या वेळी माझ्या बॅजवर अख्ख्या वर्षात चालतो त्याहून जास्त आकडा आला होता.

"चौकशी संपेपर्यंत तुम्हाला इथे काम करता येणार नाही," तो म्हणाला. "आणि आकडा खरा निघाला, तर पुढेही बराच काळ नाही."

मला हे काम मनापासून आवडतं. टेबलखुर्चीवर बसवलं तर महिनाभरात मी वेडी होईन.

त्याने समोर बसवून प्रश्न विचारले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एका शुक्रवारी मी घाईघाईत एप्रन खुंटीला अडकवून निघाले होते आणि बॅज एप्रनलाच राहिला होता. खुंटीला लागून कपाट आहे. वापरलेल्या बाटल्यांमधला किरणोत्सार ओसरेपर्यंत आम्ही त्या कपाटात ठेवतो. दार शिशाचं, बाजू मात्र साध्या पत्र्याच्या. सोमवारपर्यंत बॅज तिथेच होता.

"एवढी कसली घाई होती?"

"हेही चौकशीत येतं?"

"सगळंच येतं."

"आईच्या मैत्रिणीच्या मुलाला भेटायचं होतं."

त्याचं पेन थांबलं. "मग?"

"मी काय काम करते ते सांगितलं. त्याने खुर्ची मागे घेतली."

"किती?"

"दोन फूट तरी."

"त्याला विषयातलं काही कळत नाही," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला आणि स्वतःची खुर्ची जराशी पुढे ओढली. अगदी जराशी... पण मला ते दिसलं.

माझं म्हणणं खरं की खोटं ते पाहायला त्याने माझं रक्त तपासायला पाठवलं आणि त्याच खुंटीला दर शुक्रवार ते सोमवार नवा बॅज टांगायला सुरुवात केली. माझी रवानगी अपॉइंटमेंटच्या खिडकीवर झाली. बॅजवर नजर ठेवायला तो येत राहिला आणि दर वेळी खिडकीशी थांबू लागला. कधी चहाला चला म्हणायचा, कधी नुसताच उभा राहायचा. सफाईच्या मावशींनी त्याचं नाव मीटरवाला ठेवलं.

"मॅडम, मीटरवाला आलाय," एकदा त्या म्हणाल्या. "आज मीटर घरी विसरलाय वाटतं."

मी मान वर केली नाही. कान गरम झाले होते.

आणि मग तो यायचा बंद झाला.

त्याच्याऐवजी एक वयस्कर अधिकारी बाई आल्या. "चौकशी आता माझ्याकडे आहे. पहिल्यापासून करायची." खुंटीला पुन्हा नवा बॅज, माझी पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा तेच प्रश्न. खिडकीवरचे माझे दिवस वाढले. कामावर पाणी सोडावं लागणार ही भीती होतीच, पण खरं दुःख वेगळंच होतं. हाही खुर्ची मागे घेऊन गेला, असं मला वाटत होतं.

शेवटी निकाल आला. खुंटीवरच्या बॅजचा आकडा माझ्या आकड्याशी जुळला, रक्तही स्वच्छ निघालं. तो किरणांचा डोस बॅजने खाल्ला होता, मी नाही. कपाटाला शिशाच्या बाजू बसवायचा हुकूम निघाला. बाईंनी मला नवा बॅज दिला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"खाली कुणीतरी थांबलंय. त्याला वर यायची परवानगी नाही."

तो गेटपाशी उभा होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"माझं कामावर परतणं तुमच्यामुळे आणखी लांबलं. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"अर्ध्यात सोडून का गेलात?"

"मी तुम्हाला निर्दोष ठरवलं असतं आणि नंतर..." तो अडखळला. "नंतर लोक म्हणाले असते, याने मर्जीतल्या माणसाला सोडवलं. तुमच्या कामावर तसा डाग नको होता. म्हणून साहेबांना सांगितलं, ही चौकशी मला जमणार नाही."

"साहेबांनी कारण नाही विचारलं?"

"विचारलं ना. सगळ्या ऑफिससमोर."

"काय सांगितलंत?"

"खरं तेच. मी त्या मुलीच्या प्रेमात पडलोय."

मी खरोखरच चिडले. "म्हणजे सरकारला आधी कळलं आणि मला आत्ता?"

"नियमच तसा आहे हो... आधी ऑफिसला कळवायचं." तो इतका ओशाळला होता की माझा राग टिकेना. "आणि आता तुमच्या विभागात मला कधीच पाऊल टाकता येणार नाही. कायमचं."

"मग घरी या."

"घरी?"

"आई चहा चांगला करते. आणि तिथे तपासण्यासारखं काही नाही."

"तुम्ही असाल की."

"मला तपासून झालंय," मी म्हणाले. "दोनदा. आता कुणी चौकशी केलेली मला चालणार नाही. तुम्हाला मी आवडते आणि मला तुम्ही. एवढंच आहे."

त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला.