कुर्टे बेटावर बुडालेला माणूस

धुरपताबाईने गाठोडं ठाणेदाराच्या टेबलावर आपटलं. दौत कलंडली आणि शाई कागदांवर पसरली. हवालदार पुंजाजी तिला बाहेर काढायला धावला, पण ती हलली नाही.

"साहेब, हे माह्या नवऱ्याचे कपडे हायेत. नवरा कुठी हाय ते तुमी सांगा."

मार्च १९५७ चा पहिला आठवडा होता. अनसिंगच्या ठाण्यावर ठाणेदार गंगाराम तांडेल येऊन दोनच महिने झाले होते. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. वरिष्ठाशी हुज्जत घातल्याची शिक्षा म्हणून तांडेलांची कोकणातून थेट इकडे बदली झाली होती. अनसिंगला पश्चिमेकडचं सगळं जग म्हणजे मुंबईच, म्हणून लोक त्यांना मुंबईवाला साहेब म्हणत.

तांडेलांनी बाईला बसायला सांगितलं. ती खाली बसायला लागली, तेव्हा खुर्चीकडे बोट दाखवलं. मग तिची हकिकत ऐकून घेतली.

तिचा नवरा देवला जवळच्याच बंजाऱ्यांच्या तांड्यातला. दोन फेब्रुवारीला बबनरावांनी त्याला कामाला नेलं. बबनराव म्हणजे शंभर एकरांचा मालक, शाळा समितीचा अध्यक्ष, शिवाय ओळखीच्या ठेकेदारांना मजूर पुरवणारा. कोकणात समुद्रात कुर्टे नावाचं बेट आहे, तिथल्या नगरपालिकेची भिंत बांधायची आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. सतरा तारखेला ते एकटेच परतले. देवला समुद्रात बुडाला म्हणाले. देह मिळाला नाही, अंगावरचे कपडे तेवढे किनाऱ्याला लागले. ते जसे मिळाले तसे आणून त्यांनी बाईच्या पुढ्यात टाकले.

तांडा रडला आणि गप्प झाला. म्हाताऱ्यांनी धुरपताबाईला दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरवायला सांगितल्या. नवरा गेला की त्या उतरवायच्या, ही तांड्याची रीत. तिने नाही म्हटलं.

"मेला असन तर कुठी मेला ते या डोयानं पाहीन. मंग उतरवीन."

या आधी ती तीनदा ठाण्यावर आली होती आणि तिन्ही वेळा दारातूनच परत गेली होती. तांडेलांनी पुंजाजीकडे पाहिलं.

"कोणी परत पाठवलं?"

"मीच पाठवलं साहेब. बुडाला तो तिकडं दूर समुद्रात. आपल्या हद्दीत काय हाय त्याचं?"

"माणूस आपल्या हद्दीतला होता ना?" तांडेलांचा आवाज इतका चढला की बाहेरचे लोक खिडकीशी आले. तांड्यातला माणूस नाहीसा झाला तर त्याची साधी नोंद नाही, आणि मालकाचा बैल सुटला की चार शिपाई पळतात. दोन महिन्यांत त्यांनी हे पुरेपूर पाहिलं होतं आणि त्यांना त्याची चीड होती.

त्यांनी गाठोडं सोडलं. आत एक धोतर आणि एक बंडी. दोन्ही काळवंडलेली.

"हे तुम्ही धुतलंत?"

"नाई. हातबी नाई लावला."

तांडेलांनी धोतराचं टोक जिभेला लावलं. पुंजाजीने तोंड वाकडं केलं. मग ते टोक त्यांनी धुरपताबाईपुढे धरलं. तिनेही न विचारता जिभेला लावलं.

"कशाची चव आहे?"

"मातीची."

धोतराच्या कनवटीला गाठ होती. ती सोडली तेव्हा आतून चिमूटभर पिवळसर, भरड मुरूम टेबलावर सांडला. तांडेलांनी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि विचारलं, "देवलाचं कोणाशी वाकडं होतं?"

वाकडं नव्हतं, पण वीस मार्चला वाशीमच्या कोर्टात जमिनीच्या दाव्यात त्याची साक्ष होती. तांड्याची गुरं चरायची ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, जमीन होती. तीन वर्षांपूर्वी पटवाऱ्याने तिची हद्द आखली आणि देवलाने दगड रोवले. पुढे पटवारी वारला. एके रात्री दगड उपटले गेले. ते कुठे होते हे दाखवणारा आता एकटा देवला उरला होता. ती जमीन सध्या कोण वाहतं, असं तांडेलांनी विचारलं.

"बबनराव," ती म्हणाली.

बबनरावांचा मळा गावाबाहेर होता. बांधावरून जाताना तांडेलांना नुकतीच बुजवलेली विहीर दिसली. भोवती अजून मुरमाचे ढीग पडले होते. पलीकडच्याच वावरात मोट चालू होती आणि पाटाला भरपूर पाणी होतं.

बबनराव चहा घेऊन सामोरे आले. त्यांना देवलाचं फार वाईट वाटत होतं आणि ते दिसेल असं वाटत होतं. तांडेल शांतपणे बाजेवर बसले. बेट कसं आहे, आपल्याला काहीच कल्पना नाही, जरा सांगा, असं म्हणाले.

बबनराव खुलले. बेट सव्वा मैल लांब, अर्धा मैल रुंद. गोड्या पाण्याच्या विहिरी तीन. आधी कोळी राहायला आले, मग फिरंगी, मग मराठ्यांचं आरमार. नगरपालिका झाली १८८५ साली. सभासद अकरा, रस्त्यावर कंदील चौदा. हे सगळं त्यांनी पाढे म्हणावेत तसं एका दमात सांगितलं.

"कंदीलही मोजलेत?"

"आपली नजर बारीक हाय साहेब."

"बेटावर जात कसे होतात? होडीने?"

"होडी कायले? मुक्काम किनाऱ्यावर होता. सकाळी पाणी उतरते, मंग पायी जाता येते."

"किती वाजता?"

"रोज सहाले. पाणी घोट्याएवढं. चार तारखेपासून तेरा तारखेपर्यंत, एक दिवस खाडा नाई. तेराले मधातच मोठी लाट आली अन् देवला गेला."

"आठ तारखेलाही सहालाच?"

"सांगितलं ना साहेब, रोज."

तांडेलांनी चहा संपवला. जाताना सहज विचारलं, "नवी विहीर बुजवलीत?"

"पाणी नाई लागलं. गुरं-ढोरं पडतीन म्हनून बुजवली."

तिथून तांडेल गावच्या शाळेत गेले. मास्तरांकडून वाचनालयाची वही मागितली, एक पान बराच वेळ पाहिलं, मग भिंतीवरचं पंचांग उतरवून फेब्रुवारीचं पान उलटलं. मास्तरांना वाटलं, साहेब मुहूर्त पाहतात. त्यांनी दोन्ही वस्तू ठाण्यावर नेल्या, पोचपावती दिली आणि कोकणात एक तार केली. तारेचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बुजवलेल्या विहिरीभोवती अर्धं गाव जमलं होतं. तांडा वेगळा, एका बाजूला उभा होता. तांडेलांनी बबनरावांना बोलावून घेतलं आणि आठ मजूर विहिरीत उतरवले. फावडी चालू झाली.

"माह्या वावरात हे काय लावलं?" बबनराव म्हणाले. "मी वाशीमले जाईन. अकोल्याले जाईन."

"जा. पण आधी ऐका. सगळ्यांनीच ऐका."

तांडेल मुरमाच्या ढिगावर चढले. हातात एक पातळ, जुनं पुस्तक होतं.

"कुर्टे नगरपालिकेचा इतिहास आणि भूगोल. छपाई १९३५. सव्वा मैल लांबी, तीन विहिरी, अकरा सभासद, चौदा कंदील, सगळं यात आहे, आणि बबनरावांनी सांगितलं त्याच क्रमाने आहे. हे पुस्तक सव्वीस जानेवारीला शाळेला भेट मिळालं. अठ्ठावीसला बबनरावांनी घरी नेलं आणि वीस फेब्रुवारीला परत केलं. वहीत त्यांची सही आहे."

"पुस्तक वाचनं गुन्हा हाय का?"

"नाही. पण या पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नाही. ओहोटीला बेटावर पायी जाता येतं, एवढंच लिहिलंय. ओहोटी केव्हा येते ते लिहिलं नाही, कारण तिथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. बबनराव, तुम्ही नदीकाठची माणसं. पैनगंगेचा उतार आज सकाळी घोट्याएवढा असला तर उद्या सकाळीही तसाच असतो. समुद्राचं तसं नाही. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज सहाला असली तर आठवड्याने सहाला भरती असते. आठ फेब्रुवारीला माघ शुद्ध अष्टमी होती. अष्टमीला सकाळी सहाला कुर्ट्याच्या वाटेवर छातीइतकं पाणी असतं. तुम्ही त्यातून घोटे भिजवत गेलात म्हणता."

"तुमाले काय मालूम? तुमी त मुंबईचे."

"मी कुर्ट्याचा आहे," तांडेल म्हणाले. "माझा बाप त्या वाटेवर होडी चालवायचा. हे पुस्तकही मीच शाळेला दिलं, नाव न घालता. वाटलं होतं, इथली मुलं समुद्राविषयी चार ओळी वाचतील. तुम्ही त्याचा असा उपयोग कराल हे माझ्या मनात आलं नाही."

त्यांनी खिशातून तार काढली. कुर्ट्याला यंदा कसलंही बांधकाम नव्हतं आणि कोणी बुडालंही नव्हतं. मग धुरपताबाईला पुढे बोलावून त्यांनी कपड्यांची चव सर्वांना सांगायला लावली.

"मीठ नाई," ती म्हणाली. "मातीच होती."

"समुद्रातून निघालेलं आणि न धुतलेलं धोतर खारट लागतं, वाळलं की पांढरं पडतं. हे धोतर समुद्रात गेलंच नाही. याच्या गाठीत मुरूम होता. वरच्या काळ्या मातीत मुरूम येत नाही, तो खोल खणल्यावर लागतो. आणि पाणी लागलं नाही म्हणून विहीर कोणी बुजवत नाही. आणखी खणतात, नाहीतर तशीच सोडतात. शेजारच्या वावरात पंधरा हातांवर पाणी आहे. बुजवण्यात इतकी मेहनत कोण घालील? ज्याला आत काही झाकायचंय तोच."

फावड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

"साहेब," खालून एक मजूर म्हणाला. "पाय दिसून राह्यला."

बबनराव वळले, पण पुंजाजीने त्यांचा दंड धरला. त्याने धरला तो जरा जास्तच जोरात, आणि तांडेलांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"दोन तारखेला तुम्ही त्याला कोकणात नेलंच नाही," तांडेल म्हणाले. "विहीर खणणाऱ्या मजुरांना सुट्टी देऊन त्याला इथे आणलंत. कपडे पुराव्याला काढून घेतलेत आणि घरच्या टाक्यात भिजवलेत. पंधरा दिवस पाहुण्यांकडे काढलेत. कशासाठी?"

बबनराव एकाएकी उसळले.

"साक्ष देऊ नको म्हनून हात जोडले त्याले मी. मी हात जोडले, तांड्यातल्या मान्साले. अन् तो हासला. हातात कुदय होती..."

धुरपताबाई विहिरीच्या काठाशी गेली. देवलाला वर काढेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. बायांनी तिला मागे ओढायचा प्रयत्न केला तेव्हा तिने हात झिडकारला. तिने त्याचा चेहरा पाहिला, पदराने त्यावरचा मुरूम पुसला. मग खाली बसून दंडावरच्या बांगड्या एकेक करून स्वतः उतरवल्या आणि त्याच्या छातीवर ठेवल्या.

तांडेल टोपी काढून उभे होते. आपण तिला नवरा शोधून दिला तो असा, याचा त्यांना संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. ते म्हणाले, "बाई, याला फाशी होईल असं मी पाहीन. पण जमिनीची दाद आता अवघड आहे. दगड कुठे होते हे सांगणारा साक्षीदार गेला."

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"कोन म्हन्ते गेला? दगड रोवले त्यानं. वाह्यले कोनं? डोक्यावर मी वाह्यले, सत्तावीस दगड. एकेक जागा मले ठाव हाय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोनं इचारलं?" ती म्हणाली. "वकिलानं नाई, नव्या पटवाऱ्यानं नाई, यानं बी नाई. याले वाटलं, देवलाले मारलं का झालं."

बबनराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा तेव्हा पडला. विहिरीत पाय दिसला तेव्हाही तो इतका पडला नव्हता.

वीस मार्चला वाशीमच्या कोर्टात देवलाच्या नावाचा पुकारा झाला. उघड्या दंडांची एक बाई उठली आणि कोणाची परवानगी न मागता साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली.