चौथी शिफारस

या, अशा जवळ या. मनातली घाई उंबऱ्याबाहेर ठेवा. जाताना घेऊन जा, ती कुठं पळून जात नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. मधेमधे अंगावर काटा येईल, पण भिऊ नका. खऱ्या मायेनं केलेलं काही देव वाया जाऊ देत नाही, एवढा भरवसा धरून ऐका.

एका मासिकात एक मुलगी दर महिन्याला एक पान लिहायची. या महिन्यात काय ऐकावं, काय पाहावं, आणि मन ताळ्यावर राहावं म्हणून काय करावं, अशा तीन शिफारशी. आणि लिहिणारी कशी? उभ्यानं जेवायची, जिने धावत चढायची, ‘सावकाश श्वास घ्या’ हे वाक्य श्वास न घेता टाइप करायची. कचेरीत तिचं नावच पडलं होतं, झटपट.

हे पान तिच्याआधी मावशी लिहायच्या. सगळी कचेरी त्यांना मावशीच म्हणे. स्वतः करून पाहिल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत. आजारपणात त्या गेल्या, आणि त्यांची खुर्ची झटपटकडे आली. खुर्चीच्या पाठीवर त्यांची राखाडी शाल तशीच राहिली होती. तिला हात लावायचं कुणाला सुचलं नाही.

आणि एका महिन्यात, बघा, पानावर चार शिफारशी छापून आल्या.

चौथी अशी होती: ‘जुन्या संगीतशाळेच्या वरच्या खोलीत, मिटलेल्या पियानोशेजारी, खिडकीपाशी बसा. कुणी भेटलं तर घाई करू नका.’

“ही ओळ माझी नाही,” झटपट म्हणाली.

“मशीन मनानं लिहीत नाही, ताई,” छपाईवाले म्हणाले. “तुमच्याच मजकुरात होती. मी वाचून लावली.”

संपादकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “चूकदुरुस्ती छापण्याआधी जागा बघून तरी ये. असली खोली नसेलच, तर लोक शिव्या घालतील.”

बाहेर धुकं उतरलं होतं. थंडी म्हणून तिनं निघता निघता खुर्चीवरची शाल अंगावर ओढली आणि धावत सुटली.

संगीतशाळा बंद होऊन बरेच दिवस झाले होते. दारावर पहारेकरी काका एकटेच बसले होते.

“वर कुणी आहे का, काका?”

“वर? वर कोण असणार, पोरी? कुलूप मीच काढतो.”

“मासिक वाचून कुणी आलं नाही?”

“लोक वाचतात गं,” काका जांभई देत म्हणाले, “करतो कोण?”

ती वर गेली. तिच्या मऊ तळांच्या बुटांचा आवाज होत नव्हता. पण वरून... वरून एक बारीक, लांबच लांब सूर येत होता. हळूहळू विरला. मग पुन्हा आला.

खोलीत, खिडकीच्या फिकट उजेडात एक तरुण बसला होता. हातात सूर जुळवायचा काटा. शेजारी चहाचा कप. त्यातून वाफ येत नव्हती.

त्यानं मान वळवली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण डोळे... असे डोळे की बघणाऱ्यानं आपलं काम विसरावं.

“या,” तो अगदी हळू म्हणाला. “बसा. तुमचीच जागा आहे.”

आता तुम्हीच सांगा, अशा बोलावण्याला नाही कोण म्हणेल? ती बसली. पहिल्यांदाच, काही न करता. धुकं काचेला टेकलं होतं. बोलणं फार झालं नाही, पण उठताना तिच्या ध्यानात आलं की आपण आज घड्याळ पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. चूकदुरुस्तीसाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तेवढंही सांगितलं नाही.

“तुम्हाला थंडी वाजते?” एकदा त्यानं नवलानं विचारलं.

“वाजते की. का, वाजू नये?”

“नाही... तसं नाही. मला वाटलं, तुम्हाला आता काही वाटत नसेल.”

“काहीतरीच बोलता हो तुम्ही. रोज येता इथं?”

“पूर्वी यायचो. लहान होतो तेव्हा. मग... संपलं ते सगळं.”

‘संपलं’ हा शब्द तो असा काही म्हणाला, की तिच्या पाठीतून बर्फाचा खडा घसरत गेला. ती बारकाईनं पाहू लागली. तिनं चहा पुढं केला की तो म्हणे, “तिथंच ठेवा.” तिचा रुमाल पडला, तो त्यानं काट्याच्या टोकानं पुढं सरकवला. हाताला हात म्हणून लागू देत नव्हता. आणि खाली काका रोज तेच म्हणत, “वर कुणी नाही, पोरी. एकटी काय करतेस तिथं?”

भीती वाटत होती, हो. पण भीतीपेक्षा दुसरंच काही मोठं होऊन बसलं होतं. सकाळी ती आरशासमोर उगीच थांबू लागली. जेवताना बसू लागली.

“झटपट, तब्येत बरी आहे ना?” संपादकबाईंनी विचारलं. “घास चावून खातेस.”

मग एक दिवस काका म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस. पियानो हलवणार, खोलीला कायमचं कुलूप.”

तो या खोलीचाच असेल, तर उद्या तो कुठं असेल? की नसेलच? आजवर तिनं विचारलं नव्हतं, कारण उत्तर नको होतं. आता न विचारून भागणार नव्हतं.

त्या दिवशी ती जिना एकेक पायरी करून चढली. तो खिडकीशी उभा होता.

“उद्या खोली बंद,” ती म्हणाली.

“माहीत आहे. म्हणून विचारतो... तुम्ही मग कुठं जाल?”

“मी? मी घरी जाईन. तुम्ही कुठं जाल?”

तो गोंधळला. तिनं डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं आणि त्याचा हात धरला.

हात गरम होता. घामेजलेला होता.

“अहो, तुमचा हात गरम आहे,” तोच आधी बोलला.

“मग कसा असायला हवा होता?”

“गार. मला वाटलं तुम्ही... ही शाल माझ्या मावशीची आहे. सख्ख्या मावशीची. ती इथं शिकवायची, मासिकात लिहायची. ती गेली, आणि तिची शाल पांघरून, पावलांचा आवाज न करता तुम्ही तिच्या जागी येऊन बसलात. चेहरा तिचा नव्हता, पण वाटलं, तिच्याच जगातून कुणी आलंय. मी काय समजायचं?”

तिला हसू आवरेना, आणि रडूही. “आणि काका म्हणतात, वर कुणीच नसतं.”

“मी मागच्या जिन्यानं येतो. त्याची किल्ली मावशीनं मला दिली होती. पियानो हलवायचा म्हणून तारा काढायचं काम घेतलं होतं.”

“झालं काम?”

“पहिल्याच दिवशी झालं.” तो खाली बघत म्हणाला.

“मग रोज कशाला यायचात? भुताला भेटायला?”

“भूत तर भूत... म्हटलं, येतंय तोवर यावं.”

शालीचं एक टोक तिनं त्याच्या खांद्यावर टाकलं. “ती चौथी ओळ मग लिहिली कुणी? तुम्ही?”

“मी तुमच्या कचेरीची पायरीही चढलेलो नाही.”

धुकं काचेवरून हळूच बाजूला सरलं.

“मावशीला एक सवय होती,” तो म्हणाला. “शिकवताना धडा मनासारखा जमला, की ती तोंडानं शाबास म्हणायची नाही. डावीकडची शेवटची पट्टी एकदाच दाबायची. बस्स.”

आणि त्या मिटलेल्या, तारा नसलेल्या पियानोतून एक खोल सूर निघाला. एकच. खोलीभर पसरला, दोघांच्या धरलेल्या हातांतून गेला आणि सावकाश, अगदी सावकाश विरला.

हात सोडला नाही कुणी.

चूकदुरुस्ती काही छापली गेली नाही. झटपट अजून ते पान लिहिते, पण आधी करून पाहते. बरोबर तोही असतो.

तुम्हीही आता उठाल, आपापल्या कामाला लागाल. जा, सुखानं जा. पण कधी आपल्या माणसाशेजारी काहीच न करता दोन घटका बसलात, तर त्या मावशींची आठवण काढा. जाता जाताही त्या कुणाची तरी सोय लावून गेल्या.