टाकलेली बाटली, टाकलेलं झाकण

मंजुश्रीच्या डोक्यावर साबणाचा खोका पडला, तेव्हा ती शिरूर अनंतपाळमधल्या एका किराणा दुकानामागे वाकून बाटल्यांची झाकणं वेचत होती. खोका भिरकावणारा दुकानदार, अमरेश, धावत आला आणि पहिलीच्या बाईंना ओळखून पार अवघडला.

"लागलं का, मॅडम?"

"रिकामा होता," ती म्हणाली. "हाही नेऊ का?"

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी तो पोतंभर टाकाऊ सामान वर्गात आणून देऊ लागला. मुलं एकेक वस्तू उचलायची, तिचं नाव सांगायची… तो खोका, ती बाटली, ते झाकण. अमरेश दाराशी रेंगाळायचा. त्याच्या घरी कन्नड. त्यात निर्जीव वस्तूंना सगळ्यांना एकच लिंग, म्हणून तो हटकून 'ते बाटली' म्हणायचा. मुलं खिदळायची. मंजुश्री त्याला दुरुस्त करायची, आणि तिनं पुन्हा दुरुस्त करावं म्हणून तो पुन्हा चुकायचा.

हे तिच्या लक्षात आलं होतं. पण मनावर घेण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नवऱ्यानं सोडल्यापासून तिनं दोन गावं बदलली होती आणि दोन्हीकडे तिची गोष्ट मागोमाग पोचली होती.

त्या शनिवारी ती 'टाकणे' या शब्दाशी खेळ घेत होती. टाकलेला खोका. टाकलेली बाटली. टाकलेलं झाकण. आणखी काय काय 'टाकलेली' असतं, तिनं विचारलं.

"टाकलेली बाई," साक्षीनं हौसेनं सांगितलं. "आजी तुम्हाला तसंच म्हणती."

मुलांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. फक्त दाराशी उभ्या अमरेशच्या हातातलं पोतं खाली टेकलं.

"बरोबर," मंजुश्री शांतपणे म्हणाली. "ती बाई. म्हणून टाकलेली."

शाळा सुटली, मुलं गेली. अमरेश मात्र पुढच्या बाकावर गुडघे मुडपून बसून राहिला. त्याच्याकडे न बघता झाकणं गोळा करत तिनं सांगून टाकलं, की ती आता बदली मागणार आहे, भोकरकडे कुठंतरी.

"तिथं बी कुणाची तरी आजी असंलच की."

तिला हसू आलं, आणि त्यासरशी डोळेही भरले.

"पोरगी खोटं नाही बोलली. मी सोडलं नाही, त्यानंच टाकलं. आता कोर्टातून कागद झालेत, एवढंच."

"म्हणजे मोकळ्या हाव तुम्ही…" तो बोलून गेला आणि मान खाली घालून बाकाची कड नखानं कोरत बसला.

"मोकळी कसली. दमलेय मी."

छपराचे पत्रे उन्हानं कुरकुरत होते.

"भोकर लई लांब हाय, मॅडम," तो हळूच म्हणाला. "दमलेल्या माणसानं एवढं लांब जाऊ न्हाई."

"मग काय करावं?"

"बसावं… हितंच. बोलायचं नसलं तर नका बोलू. मी हाय की."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आज पहिल्यांदाच, नीट. बाक पहिलीच्या मुलांचा. त्यावर दोन मोठी माणसं जेमतेम मावली असती. तिनं हातातली झाकणं टेबलावर ठेवली.

"सरका थोडं," ती म्हणाली.