सरकीनं भरलेली घंटा

माझी माय, सत्यभामाबाई, देवळातली दुपारची घंटा ऐकल्याशिवाय घास घेत नसे. लग्न होऊन पिंपळगाव राजाला आली, त्या चातुर्मासात तिनं हा नेम धरला आणि चार महिन्यांचा नेम जन्मभर लांबवला. आम्हा भावंडांना, पुढं नातवंडांना भरवायची, शेतात निंदणाऱ्या बायांना भाकरी बांधून द्यायची; स्वतः मात्र देवळाकडं कान लावून बसायची. मोतीराम पुजारी गप्पांत रंगला की माय उपाशी. त्याला ताक पाठवायची तीही तीच.

"पोटाची किल्ली तू मोतीरामच्या कमरेले बांधली," मी चिडवायचो.

"त्याच्या नाही रे, मारुतीच्या."

मी सरकी-ढेपेचा व्यापारी. तराजूत न बसणाऱ्या गोष्टींशी माझा व्यवहार नसतो. मायचा हिशेब मला कधीच लागला नाही. देवाकडं इतकी वर्षं नुसतं जमाच. मागणं काही नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या श्रावणात देवळाची तुळई वाळवीनं मोडली. घंटा खाली आली, आतला वाजणारा लोळ तुटला. चोरीला जायला नको म्हणून पंचांनी ती आमच्या कोठीत आणून ठेवली, तोंड वर करून. रिकामी जागा मला बघवत नाही. मी तिच्यात काठोकाठ सरकी भरली, कोठीला कुलूप घातलं.

मायनं जेवण सोडलं.

दुसऱ्या दिवशी उठताना तिला भिंत धरावी लागली. आठवडा निघायचा नाही, असं वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले. तेव्हा मी पुष्पाला, माझ्या बायकोला, गोठ्यामागं पितळी परात बडवायला धाडलं.

माय पडल्यापडल्या हसली. कोरडे ओठ फाटून रक्त आलं. "थे परात होय, भगवान. मायले गिऱ्हाईक समजला काय बे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून उठून बसली. हात जोडून कपाळाला लावले.

"वाजली. वाढ वं, पुष्पा."

भाकर, वरण, वर ताकही मागून घेतलं. आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. काहीच वाजलं नव्हतं.

कोणीतरी कोठीत शिरलं असणार, असं मी धरून चाललो. पण किल्ली माझ्याच कमरेला होती. पुढच्या दुपारी मीच आत जाऊन दार लावून बसलो. सरकीचा तेलकट वास. झरोक्यातून घंटेवर उन्हाचा पट्टा.

आधी एक दाणा हलला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी सरकी थरथरू लागली, मधोमध खळगा पडला, काठावरून दाणे टपटप जमिनीवर पडले. आवाज तेवढाच. मी घंटेवर तळहात ठेवला. थरथर कोपरापर्यंत चढली.

बाहेरून मायचा आवाज आला. "वाजली."

मी सगळी सरकी उपसली. घंटा आतून-बाहेरून धोतराच्या सोग्यानं पुसली.

माय कार्तिकात गेली. जेवून, हात धुऊन.

तेरवीला तिचं पान पहिलं वाढलं. घंटा आम्ही लोळ बसवायला खामगावला धाडली होती. पंगत बसली, मोतीराम माझ्या शेजारी. माझा हात काही पानाला लागेना, आणि घरधनी थांबला म्हणून पंगतही थांबली.

"काऊन थांबला बे, भगवान?" शेषरावकाका खेकसले. "कोणाची वाट पाहून राह्यला?"

मी मायच्या पानाकडं पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

माझ्या द्रोणातली कढी स्थिर होती. काकांच्याही.

मायच्या द्रोणात मधोमध एक बारीक वर्तुळ उमटलं, काठाकडं गेलं. त्यामागून दुसरं.

"वाजली," मी म्हणालो. "जेवा."

मोतीरामची उजवी मूठ, घंटेचा दोर धरल्यासारखी, मांडीवर घट्ट मिटलेली होती. दर वर्तुळासरशी ती जराशी वर उचलली जायची आणि खाली ओढली जायची. तो मात्र समोरच्याशी पावसाच्या गप्पा मारत होता.