पेटीतल्या सहा शिश्या

बिस्किटाचा डबा पेटीतच होता. आतल्या सहा शिश्या मात्र नव्हत्या.

जैबुनबीने डबा खिडकीपाशी नेला. झाकणाच्या कडेला बोटभर कापूस अडकला होता, एवढंच. तिने तो जपून काढला आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधला.

रविवारचे चार वाजले होते. सोमवारी सकाळी अकरा वाजता जिल्ह्याचे चौकशी अधिकारी घाटंजीच्या विश्रामगृहावर येणार होते. संजय राठोड खरं बोलतोय, याला त्या सहा शिश्यांखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

संजय तालुक्याच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. सामन्याआधी खेळाडूंना ताकदीची इंजेक्शनं टोचतात, असं त्याने तीन आठवड्यांपूर्वी उघड सांगितलं आणि कपडे बदलायच्या खोलीतून उचललेल्या रिकाम्या शिश्या जैबुनबीकडे सांभाळायला दिल्या. संघाचा मॅनेजर आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मालक धरमसिंग म्हणाला, पोरगा खोटारडा आहे, संघाची बदनामी करतो. पुरावा नसेल तर संजयवर जन्मभराची बंदी येणार होती.

गाव मॅनेजरच्या बाजूने होतं. कापसाचे ते वाईट दिवस. वर्तमानपत्रात जिल्ह्याचं नाव यायचं ते शेतकऱ्याच्या मरणाच्या बातमीसोबत. चांगली बातमी एकच, कबड्डीची. जैबुनबीला जुना हुतूतू आठवत होता. जिनिंगमागच्या काळ्या मातीत पोरं अनवाणी खेळायची, आणि हरलेला संघ जिंकलेल्याला भाकर-झुणका खाऊ घालायचा. तेव्हा कोणाच्या दंडाला सुई लागली असेल तर ती देवीच्या लशीची, आणि तीही जैबुनबीच्या हातची. तीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती.

संजयवर विश्वास ठेवला तो चौदा जणांनी. वर्षानुवर्षं मैदानाच्या दोरीला लागून ओरडणारे हे लोक. त्यांनी दगड मारले नाहीत, पुतळा जाळला नाही. चौकात फळा लावला: 'सुई टोचून खेळलेला सामना आम्ही पाहणार नाही. सामन्याचे तास गावाच्या कामाला देऊ.' पहिल्या रविवारी त्यांनी बाजारामागचा नाला उपसला. दुसऱ्या रविवारी उकिरडे उचलले आणि दोन विहिरींचा गाळ काढला. तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकलं. कोणी पाणी विचारलं नाही.

आज तिसरा रविवार. जैबुनबी सकाळपासून दवाखान्याची फरशी घासत होती. घराची किल्ली नेहमीप्रमाणे चौकटीवरच्या कोनाड्यात. अख्ख्या गल्लीला ती जागा ठाऊक होती.

पोलीस ठाण्यातला जमादार अमरसिंग आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, शिश्या खरंच होत्या का?"

"तुह्या दंडावरचा डाग माह्या हातचा हाये, जमादार. मी खोटं कधी टोचलं का?"

"गाव म्हणते, शिश्या नव्हत्याच. उद्या उघडं पडाल म्हणून चोरीचं नाटक करून राह्यले."

"गाव काय म्हणते ते मले रोज दारावरच्या शेणावरून समजते. तू तुह्यं सांग."

"पेटीत हाये हे कोणाले माहीत होतं?"

"शुक्रवारी माह्या ओसरीवर बसले होते त्यायले. मन्सूर मिस्त्री, दुकानवाला गुल्हाने, आन तिघं माह्यासोबत आज फरशी घासत होते ते." तिने डब्याचं झाकण लावलं. "त्या दिवशी मीच बोलली. म्हटलं, लेबल खरवडलं तरी तळचा बॅच नंबर शाबूत हाये. शिशी कोणत्या दुकानातून निघाली ते त्या नंबरावरून निघते."

अमरसिंगने तिच्या पदराच्या गाठीतला कापूस पाहिला आणि हसला. "कापूस! मंग तं सोपं हाये. धरमसिंगच्या जिनिंगमधल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर हा असते. नाहीतर तुमचेच लोक. आज मानीबाईच्या वावरात वेचाले जाणार होते ना?"

मानीबाई म्हणजे तांड्यावरची संजयची आई. तिची वेचणी करून द्यायची, असं चौकातल्या फळ्यावरच लिहिलं होतं.

जमादार गेला आणि दिवाकर गुल्हाने आला. बसस्टँडजवळच्या औषध दुकानाचा मालक. चौदा जणांत सगळ्यात जोरात घोषणा त्याची. दोन्ही रविवारी घमेलं घेऊन तो सगळ्यांच्या पुढे होता.

"सिस्टर, ऐकलं आन तसाच आलो. हे काम धरमसिंगचंच. हरामखोर!"

"तू होता कुठी दिवसभर?"

"मानीबाईच्या वावरात. कापूस वेचत होतो."

"मन्सूरसोबत?"

"दुकान उघडून मंग गेलतो, उशीर झाला. ते लोक त्या टोकाले होते, मी सडकेकडच्या टोकाले लागलो. ओटी भरून वेचला. एका झाडाखाली ठेवून आलो."

"यंदा बोंड कसं हाये तिचं?"

"पांढरंशुभ्र. झक्कास." त्याने हात झटकले. "कंबर गेली सिस्टर. आपल्याले सवय कुठी?"

जैबुनबीने त्याच्या हाताकडे पाहिलं. मऊ, गुलाबी बोटं. तिने चहा ठेवला. तो दोन घोटांत पिऊन गेला.

सहा वाजता बातमी आली. जमादाराने मन्सूरला ठाण्यात बसवलं होतं. मन्सूर पंप दुरुस्त करणारा मिस्त्री आणि या चौदा जणांचा म्होरक्या. जैबुनबी तशीच उठली.

ठाण्याबाहेर पन्नासेक माणसं जमली होती. धरमसिंग मोटारसायकलवर रेलून उभा होता.

"या, नर्सबाई. कितीले इकल्या शिश्या?"

"तुह्याजवळ तेवढी ऐपत नाही, धरमसिंग."

"उद्या अकरा वाजू द्या. त्या पोट्ट्याले गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही. तुमालेबी."

ती आत गेली. मन्सूर बाकावर होता, हात मनगटापर्यंत काळे.

"पाहा बाई," अमरसिंग म्हणाला. "म्हणे वावरात गेलतो. कापूस वेचणाऱ्याची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरबाडते. याच्या हाताले ग्रीस! हा वावरात गेलाच नाही. संजयचे दुश्मन याले फोडून गेले."

"खाला, कसम खुदाची," मन्सूर उसळला, "आम्ही पाच जण गेलतो. पन मानीबाईनं धुऱ्यावरूनच, वावरात पाय ठेवू न देता, हाकललं!"

"काहून?"

"म्हणे, चौकात फळा लावून माह्या पोराचं नाव मातीत घातलं, आता वावरात कायले आले? आन म्हणे, अजून दहीभात नाही झाला. पूजा झाल्याबिगर बोंडाले हात लावू देणार नाही. विळा घेऊन सडकेच्या तोंडाशी बसली, उठलीच नाही. आम्ही काय करावं? तांड्याचा हातपंप दोन महिन्यांपासून बंद होता, तो खोलला. तिथूनच दिसत होती ती. तीन वाजेपर्यंत."

"बनवून सांगते," जमादार म्हणाला.

जैबुनबीला ती रीत ठाऊक होती. पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात शिंपडायचा, पूजा करायची, मगच बोंडाला हात लावायचा, हे तांड्यावर कोणी मोडत नसे.

"जमादार, पितळी गिलास हाये का? पान्यानं भरून दे."

ग्लास आला. तिने पदराची गाठ सोडली आणि कापूस पाण्यावर ठेवला. दोन क्षणांत तो ओला झाला, जड झाला, तळाशी गेला.

अमरसिंगला काही कळलं नाही. जैबुनबी मात्र उभी राहिली.

"उद्या सकाळी आठ वाजता मन्सूरले घेऊन गुल्हानेच्या दुकानावर ये. येताना तांड्यावरून जा. मानीबाईले विचार, आज वावरात कोन कोन शिरलं. आन वाटेवरच्या दुसऱ्या कोनाच्या वावरातलं एक बोंड घेऊन ये."

"कायले?"

"मले पाहाचं हाये."

सकाळी गुल्हाने नुकताच देवाला उदबत्ती ओवाळत होता. तिघांना पाहून त्याने हसून स्टूल पुढे केलं.

"काय देऊ, सिस्टर?"

"एक बंडल कापूस. आन दोन गिलास पानी."

निळ्या कागदातलं बंडल काउंटरवर आलं. जैबुनबीने त्यातला पुंजका काढून एका ग्लासात सोडला. तो बुडाला. मग जमादाराने आणलेल्या बोंडातला कापूस सोलून, सरकी काढून दुसऱ्या ग्लासात टाकला. तो तरंगत राहिला. तिने बोटाने दाबला. पुन्हा वर आला.

"वावरातल्या कापसाले तेलकटपना असते, जमादार. पानी त्याले शिवत नाही. जिनिंगमधून निघाला तरी तसाच. दवाखान्याचा कापूस कारखान्यात धुऊन, शिजवून तो तेलकटपना काढते. म्हणून तो रक्त पिते, पानी पिते. तीस वर्षं मी हेच हातात धरलं. माह्या डब्यावर सापडलेला कापूस तुह्यासमोर बुडाला. म्हंजे चोर जिनिंगचा नाही, वावरातलाबी नाही."

"दवाखान्याचा कापूस तुमच्याच घरचा असन, सिस्टर," गुल्हाने म्हणाला.

"दवाखाना सुटला तेव्हापासून घरात गादीचा कापूस तेवढा हाये. आन मले सांग, चोराले कापूस लागला कायले? शिश्या खिशात टाकाच्या आन निघाचं. पन तो काचेचा मानूस. जन्मभर शिश्या हाताळल्या. काच उचलली की आधी भोवती कापूस गुंडाळते, वाजू नये, फुटू नये म्हणून. हाताले सवय. एक बोटभर झाकणात अडकला, त्याले समजलंबी नाही."

"दवाखान्यात दहा जन तसं करते."

"खरं हाये. पन त्यातला कोनी शुक्रवारी माह्या ओसरीवर नव्हता. बॅच नंबराची गोष्ट फक्त आपण ऐकली." तिने त्याच्या बोटांकडे बोट दाखवलं. "ओटी भरून वेचला म्हणतो, एक ओरखडा नाही. तेबी जाऊ दे. जमादार, मानीबाई काय म्हणाली?"

अमरसिंगचा आवाज आता बदलला होता. "काल तिच्या वावरात चिटपाखरू शिरलं नाही. सडकेच्या टोकाले ती स्वतः विळा घेऊन बसली होती. दहीभात आज हाये."

गुल्हानेच्या हातातली उदबत्ती विझली नव्हती, पण ती ओवाळायचं तो विसरला.

"तू फळ्यावर वाचलं, तेच सांगितलं," जैबुनबी म्हणाली. "फळ्यावर काम लिहिलं होतं. मानीबाईचा राग लिहिला नव्हता. तांड्यावर पूजेबिगर वेचणी होत नाही, हे तुह्या दुकानात कोन सांगणार?"

"मंग शिश्या कुठी हाये? दाखवा!" तो ओरडला.

"इथंच हाये. नाल्यात फेकल्या म्हटलं असतं, तर मी मानलं असतं. पन नाला आपण उपसला. उकिरडे उचलले. विहिरी साफ केल्या. काल दवाखान्याचा कचऱ्याचा खड्डाबी उपसला. तू स्वतः घमेलं घेऊन होता, तुले पक्कं माहीत, गावात काच लपवाले एक कोपरा राहिला नाही. काच जळतबी नाही. औषधवाल्याजवळ एकच जागा. जमादार, मुदत संपलेला माल कंपनीले वापस जाते, त्याचा खोका पाहा."

खोका काउंटरखाली होता, सुतळीने बांधलेला, गाडीची वाट पाहत. खोकल्याच्या औषधांच्या दुसऱ्या थराखाली पांढऱ्या कापसात गुंडाळलेल्या सहा शिश्या होत्या. तळाला नंबर.

मन्सूर झेपावला. जमादाराने त्याला मागे ओढलं.

"तू आमच्यात घोषणा देत होता बे!"

"मंग कुठी बसलो असतो?" गुल्हाने फिस्कारला. "तुमच्याजवळ काय पुरावा हाये ते मले कसं समजलं असतं? धरमसिंगनं मागितलं, मी देलं. आन सिस्टर, तुमी गावाले इचारा ना, कोनाले नको होतं जिंकणं? मिरवणुकीत गुलाल कोनी नाही उधळला?"

जैबुनबीने खोक्यातल्या शिश्या एकेक करून मोजल्या. गुलाल तिच्याही अंगावर पडला होता.

अकरा वाजता विश्रामगृहाच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. आत टेबलावर शिश्या होत्या. धरमसिंग घाम पुसत होता. चौकशी अधिकाऱ्यांनी नंबर उतरवून घेतले, दुकानाची पावतीवही मागवली, आणि मग संजयकडे वळले.

"तुमचं म्हणणं खरं आहे, असं मी लिहून घेतो. एक प्रश्न राहिला. तुम्ही स्वतः कधी घेतलं?"

जैबुनबीने संजयकडे पाहिलं. हे त्याला तिने विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तो तिथेच सुटत होता.

"घेतलं, साहेब. दोनदा. वणीच्या फायनलले मी स्वतः दंड पुढं केला."

"याची शिक्षा तुम्हाला होईल. ठाऊक आहे?"

"ठाऊक हाये. खोटं बोललो असं लिहू नका, बस."

अधिकाऱ्यांनी लिहिलं: दोन वर्षं बंदी. संजयने सही केली.

बाहेर दगड घेतलेली माणसं होती. काहींचे धरमसिंगसाठी, बरेचसे संजयसाठी. अमरसिंगने मागचं दार उघडलं. "इकडून काढतो तुले."

"नाही," संजय म्हणाला. "मी समोरून जातो."

तो पायऱ्या उतरला. जैबुनबी त्याच्या डाव्या बाजूला, मन्सूर उजव्या. कोणीतरी थुंकलं, ते संजयच्या सदऱ्यावर पडलं. त्याने पुसलं नाही. पुढची माणसं हटेनात, तेव्हा तो थांबला आणि एकेकाच्या डोळ्यांत पाहत उभा राहिला. मग पहिल्याने, कुरकुरत, पाऊलभर वाट दिली.