लाकडातली एकतीस वर्षं

कणकवलीच्या कीटक-प्रयोगशाळेत डॉ. कुमुदिनी तोरस्कर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि समोरचा भुंगेरा त्यांना गेले तीन तास छळत होता. साल होतं २०६८. नवी जात ओळखायचं काम एव्हाना जनुकवाचक यंत्रं करत. यंत्राने सकाळीच 'कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही' असा निकाल देऊन हात झटकले होते. पण जात जुळत नाही म्हणजे ती कशी आहे, हे कोणीतरी बघून लिहावंच लागतं. राज्यात ते काम करणारी माणसं दोन उरली होती आणि त्यातल्या एकाने मागच्या वर्षी निवृत्ती घेऊन हापूसची बाग धरली होती.

बाई पुटपुटत लिहीत होत्या. लांबी चौतीस मिलिमीटर. मिशा, म्हणजे शृंगिका, शरीराच्या सव्वादोन पट. पेरं अकरा, तिसरं पेर सर्वांत लांब. पंखकवच काळसर तपकिरी, त्यावर दोन पिवळट पट्टे, मागचा पट्टा मध्ये तुटलेला. नामधारक नमुना, म्हणजे ज्यावरून जातीचं नाव ठरतं तो: मादी.

"बाई, बाकाखाली शिक्का सापडला," इस्माईल मुकादम आत येत म्हणाले. ते प्रयोगशाळेचे लाकूडतज्ज्ञ. पदवी नव्हती, पण सुतारकीत उमेदीची वर्षं गेलेली; लाकूड हुंगून ते झाडाचं गाव सांगत. भुंगेरा त्यांनाच सापडला होता, प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातल्या सरकारी बाकावर मेलेला. बाकाला बोट जाईल एवढं ताजं भोक पडलं होतं. "किंजळीचं लाकूड आहे. वाघोळचा डोंगर, साल सदतीस."

"सदतीसचं लाकूड आणि अडुसष्टचा कीटक? नंतर कोणीतरी अंडं घातलं असेल."

"कुठे घालणार? हे भुंगेरे सालीच्या भेगेत अंडी घालतात, तुम्हीच शिकवलंत मला. बाकाला साल कुठाय? वर पॉलिशचे तीन हात! अंडं झाडावरच घातलं. झाड पडलं, कापलं, रंधा मारला, आणि अळी आपली आतच."

"मुकादमभाई, अळी दोन वर्षांत मोठी होते. सगळ्या पुस्तकांत तेच आहे."

"ओल्या झाडात. कोरड्यातलं कोणी बघितलंय?"

त्यांनी बाकाची फळी उभी चिरून आणली होती. आत नागमोडी बोगदा होता आणि बोगद्यात अळीने टाकलेल्या काती एकामागे एक पडल्या होत्या. बाईंनी चिमट्याने एकेक उचलून मोजल्या. एरवी पाच-सहा असतात. इथे एकोणतीस निघाल्या.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

"कोरड्या लाकडात पाणी नाही, पिष्ट नाही," त्या म्हणाल्या. "मरायचं नसेल तर एकच वाट उरते, सगळं हळू करायचं. श्वास हळू, खाणं हळू, वाढ हळू. अंगात पुरेसं साठत नाही तोवर नुसती कात टाकत राहायचं. ओल्या झाडातली दोन वर्षं या अळीने एकतीस वर्षं ताणली. याला आपण मंदकाल म्हणू."

"एकतीस झाली तर चाळीसही होतील?"

"लाकूड पुरेल तोवर."

हे सांगताना बाईंचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला. कारण सदतीस साली वाघोळचा पूर्वेकडचा उतार तोडायला जे सर्वेक्षण झालं, त्याच्या अहवालाखाली सही त्यांचीच होती. वय सत्तावीस, पहिलीच नोकरी. जून महिन्यात उडणारे भुंगेरे त्यांनी फेब्रुवारीत शोधले, तेही दोन दिवस, आणि लिहून दिलं की या उतारावर नोंद घेण्याजोगं काही नाही. उतार भुईसपाट झाला. त्या एका वाक्याची लाज त्यांना आजही वाटत होती आणि ती त्यांनी कधी लपवलीही नव्हती.

आता पश्चिमेच्या उताराची पाळी होती. पश्चिमगिरी खनिज महामंडळाला तिथली शेवटची चारशे किंजळ पाडायची होती. अठ्ठावीस जुलैला सुनावणी होती. महामंडळाने तिथल्या प्रत्येक खोडाला कुरतडश्रावक लावून दोन महिने ऐकलं होतं. लाकडात अळी असली की तिचा कुरतडण्याचा आवाज ते यंत्र टिपतं. एकाही खोडात आवाज नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिथे वणवा लागला होता, त्यात आतल्या अळ्या मेल्या असाव्यात. तो कसा लागला हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते.

"आणि कीटक राखायच्या कायद्याचं कलम सात?" मुकादमांनी विचारलं.

"पाठ आहे मला. संरक्षण जंगलाला नाही, फक्त जिवंत अळी असलेल्या लाकडाला; मग ते उभं असो, तोडलेलं असो, कुठेही असो. महामंडळाच्या घारपुरे वकिलांनी लिहिलंय ते. म्हणजे झाड पाडायचं, अळीवाला ओंडका गोदामात ठेवायचा, आणि जंगल राखलं म्हणून मिरवायचं! कायद्याच्या मसुदा समितीत मी एकटी भांडले. शेवटी माझं तोंड बंद करायला एक वाक्य घालू दिलं. कीटक बाहेर पडेपर्यंत त्या लाकडाला हात लावायचा नाही, आणि बाहेर पडलेला कीटक त्याच्या मूळ डोंगरावरच्या उभ्या झाडावरच सोडायचा. दोन वर्षांचाच तर प्रश्न, असं म्हणून हसत सही केली त्यांनी."

"दोन वर्षांचा," मुकादम म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मुकादमभाई, पूर्वेच्या उताराचं बाकीचं लाकूड कुठे गेलं, आठवतं?"

"आठवतं म्हणजे? रंधा मीच मारलाय."

सुनावणी प्रशासन भवनात होती. जातिनोंदणी आयुक्त वैजयंती दळवी अर्धगोल टेबलामागे बसल्या होत्या. टेबल देखणं होतं, आणि आयुक्तांना ते आवडत असावं, कारण त्यांनी त्यावर पाण्याचा ग्लाससुद्धा बशीत ठेवला होता.

महामंडळातर्फे घारपुरे उभे राहिले. माणूस गोड बोलणारा होता.

"डॉक्टरांचं अभिनंदन. वर्णन उत्कृष्ट आहे, जात नवी आहे, आम्हाला मान्य. पण बाकातून एक मादी निघाली, तिचा नमुना झाला, बाक रिकामा झाला. जंगलात एकही अळी नाही. तेव्हा ही जात नामशेष म्हणून नोंदवावी. महामंडळ तिच्यासाठी स्वतंत्र काचदालन बांधून देईल. जातीला अध्यक्षांचं नाव दिलंत तर डॉक्टरांच्या नावाची अभ्यासवृत्तीही."

"जिवंत जातीचं श्राद्ध घालायला मी आलेले नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या अध्यक्षांना सहा पाय नाहीत."

दालनात कोणीतरी हसलं. घारपुऱ्यांनी शांतपणे एक जुना कागद काढला.

"मग हे वाचतो. 'पूर्व उतारावर नोंद घेण्याजोगं काही नाही.' सही, कुमुदिनी तोरस्कर. तेव्हा खरं लिहिलंत की आज खरं बोलताय?"

"आज. तो अहवाल चुकीचा होता. चुकीच्या महिन्यात गेले, दोन दिवस राहिले आणि शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात लिहून मोकळी झाले. हे इतिवृत्तात घ्या. आयुक्त मॅडम, इस्माईल मुकादमांना एकच प्रश्न विचारू द्या."

आयुक्तांनी मान हलवली.

"पूर्वेच्या उताराच्या लाकडाचं तुम्ही काय केलंत?"

"या इमारतीचं फर्निचर," मुकादम म्हणाले. "दोन हजार तीनशे नग. टेबलं, कपाटं, दारं, इथल्या सातव्या मजल्यावर महामंडळाच्या कचेरीतलं सगळं. आणि मॅडम, तुमचं हे टेबल. खाली हात घाला, शिक्का लागेल."

आयुक्तांनी हात घातला. मग तो हळूच बाहेर काढला.

बाईंनी कुरतडश्रावक टेबलाच्या पायाला चिकटवला आणि आवाज मोठा केला. आधी नुसती खरखर आली. सगळे थांबले. मग एक बारीक, कोरडा आवाज आला, कुर्र. दहा-बारा सेकंद काहीच नाही. पुन्हा कुर्र. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून तिसरा, अगदी संथ, जणू कोणाला कसलीच घाई नव्हती. बाई आयुक्तांकडे वळल्या.

"हा तुमचा पुरावा. जिवंत अळी, तोडलेलं लाकूड, कुठेही असो. शब्द घारपुऱ्यांचे आहेत. आता या टेबलाला हात लावायचा नाही. हलवायचं नाही, पॉलिश नाही, फवारणी तर नाहीच. इमारतीतले बाकीचे नग मी उद्यापासून एकेक करून ऐकणार आहे."

"फर्निचर वापरणं बंद ठेवू!" घारपुरे म्हणाले. त्यांचा गोडवा आता उरला नव्हता. "त्याचा डोंगराशी काय संबंध?"

"कलम सातच्या दुसऱ्या वाक्यामुळे आहे," आयुक्त म्हणाल्या. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं होतं आणि त्या बोट ठेवून वाचत होत्या. "बाहेर पडलेला कीटक मूळ डोंगरावरच्या उभ्या झाडावर सोडावा. वाघोळवर उभं किंजळ पश्चिमेच्या उतारावरच आहे. तेच पाडलं, तर पुढच्या जूनमध्ये या टेबलातून निघेल तो कीटक सोडायचा कुठे? घारपुरे, झाडं राहतील." त्यांनी टेबलावरचे हात उचलले, फाइल मांडीवर घेतली आणि निकाल तिथेच लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्या थांबल्या. "डॉक्टर, मुदत घालावी लागेल. किती वर्षं?"

"शेवटची अळी बाहेर पडेपर्यंत."

"म्हणजे कधी? तज्ज्ञ म्हणून एक आकडा द्या."

"नाही देणार," बाई म्हणाल्या. "सदतीस साली एकदा या अळ्यांच्या वतीने मी सांगून बसले होते. आता त्यांचं त्या सांगतील. तुम्ही फक्त ऐकत राहा."